माझ्या नावाच्या अकरा ओळी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी मत्सरी माणूस नाही! आमच्या नागपुरात कुणालाही विचारा. शेजारच्या मल्हारला दहावीत माझ्यापेक्षा एकतीस मार्क जास्त पडले, तेव्हा पेढा भरवायला सगळ्यात पहिले मीच गेलो होतो. आता तो पेढा माझ्या हातून खाली पडला आणि वर माझाच पाय पडला, त्याला कोण काय करणार?

तर मत्सर आपल्या स्वभावातच नाही. फक्त यशोवर्धन हा एक माणूस मला बघवत नव्हता.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. बंगलोरला जयनगरात, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. माणसं अकरा, कॉम्प्युटर नऊ, आणि पंखा एक, जो फक्त विश्वेश्वर सरांच्या टेबलाकडे वारा टाकायचा. विश्वेश्वर सर म्हणजे आमचे मालक. माणूस हुशार, पण हात आखडता. पाठकोरे कागद संपल्याशिवाय कोरा कागद कुणाला मिळायचा नाही. टाचणी वाकली तर सरळ करून परत डबीत! आमची सगळी मशीनं लिनक्सवर चालायची, त्याचंही कारण तेच. ते फुकट होतं. "पुरुषोत्तम," सर मला म्हणायचे, "जगात दोनच गोष्टी फुकट आणि चांगल्या, हवा आणि लिनक्स!" सर बोलायचे इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगतो.

त्या वर्षी आमचा प्रोजेक्ट लीडर अवधूत अमेरिकेला गेला, आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. साधी खुर्ची नव्हे हो! आम्हा बाकीच्यांना बिनहातांच्या लोखंडी खुर्च्या होत्या. ही फिरती होती, चाकांची होती, आणि मुख्य म्हणजे तिला दोन हात होते! बैठकीचं रेक्झिन एका बाजूनं जरासं उसवलेलं होतं, पण हातांपुढे रेक्झिनचं काय? ज्याला हातांची खुर्ची, तो लीडर. हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

खुर्ची मलाच मिळणार, याची मला इतकी खात्री होती की मी नागपूरला सासऱ्यांना पत्रही टाकून दिलं. बायकोनं, म्हणजे सुचेतानं, निळ्या मखमलीची उशी शिवायला घेतली.

"अहो, पण अजून सरांनी सांगितलं कुठं?" ती म्हणाली.

"सांगतील ना! दुसरा आहे कोण?"

"यशोवर्धन भाऊजी आहेत की."

बघा! घरातसुद्धा त्याचंच नाव!

हा यशोवर्धन बंगलोरचाच. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्याची मराठी म्हणजे अर्धी आपली, अर्धी कानडी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून मला 'अण्णा' म्हणायचा आणि सुचेताला 'अक्का'. आवाज कधी चढायचा नाही. खालचा बेकरीवाला त्याला गरम बन काढून द्यायचा, मला सकाळचा. रिक्षावाले त्याला मीटरनं न्यायचे! बंगलोरात मीटरनं! मी मागे बसलो की तोच मीटर बंद पडलेला असायचा.

आणि आमच्याकडे जेवायला आला की काय विचारता! सुचेता आमच्याकडचा गोळाभात करायची. भातात वाफवलेले डाळीचे गोळे, वरून हिंगाची गरम फोडणी. मला तीन गोळे. त्याला पाच!

"काहून? त्याला काहून पाच?" मी एकदा विचारलंच.

"ते 'छान झालंय' म्हणतात."

आता आपल्याच घरी आपणच रोज 'छान झालंय' म्हणत बसायचं का?

पण खरं जळायचं कारण वेगळंच होतं. ते होतं लायब्ररीचं. घाबरू नका, सोपं आहे. असं समजा की प्रत्येक प्रोग्राम म्हणजे एक भाजी. आता दर भाजीच्या कढईला वेगळा मिसळणाचा डबा कोणी बांधत नाही. फडताळात एकच डबा असतो, तिखट-हळद लागली की ज्याचा तो घेतो. कॉम्प्युटरमध्ये अशा सामाईक डब्याला शेअर्ड लायब्ररी म्हणतात. लेबलं छापायचा आमचा असा एक डबा होता, आणि तो बनवलेला होता यशोवर्धननं. ऑफिसातला जो तो प्रोग्राम त्यातूनच चिमूट घ्यायचा. माझासुद्धा! मी इथं दिवसभर राब राब राबायचं, आणि लेबल सरळ छापून आलं की सर म्हणणार, "वा, यशोवर्धनची लायब्ररी!"

हे कुठवर सहन करायचं, सांगा!

मग मी गुपचूप माझी स्वतःची लायब्ररी लिहिली. दीड महिना लागला. नाव तेच ठेवलं, म्हणजे प्रोग्रामला पत्ताही लागू नये की डबा बदलला. माझ्या फडताळात ती ठेवली, प्रोग्राम चालवला आणि काय सांगू, पहिल्याच फटक्यात लेबल असं सरळ आलं की पट्टी लावून बघावं! सरांना नेऊन दाखवलं. म्हटलं, "सर, ही माझी लायब्ररी. यशोवर्धनची नाही."

सरांनी लेबल उजेडात धरलं. "पुरुषोत्तम! ही तर यशोवर्धनच्याइतकीच चांगली आहे!"

इतकीच? पण म्हटलं, चालेल. पुढचे सहा महिने सर माझं कौतुक करत राहिले. एकही चूक नाही, एकही तक्रार नाही. यशोवर्धन पण येऊन म्हणाला, "अण्णा, भारी केलात की!" अगदी मनापासून म्हणाला. त्याचा मला जास्तच राग आला.

आता इथं एक बारीकशी भानगड सांगायची राहिली. कौतुक होऊन राहिलं होतं, पण लेबलावर माझं नाव नव्हतं. म्हणून मी लायब्ररीत एक ओळ घातली. प्रत्येक लेबलाच्या वर बारीक अक्षरात इंग्रजीत 'पुरुषोत्तम'. बस, एवढंच. छापून बघितलं. नाव नाही!

परत घातली. परत छापलं. नाही!

मी ताडकन ओळखलं. हा यशोवर्धन माझी ओळ काढून टाकत असणार! वरून साधा, आतून हा असा! मी पासवर्ड बदलला. एका ओळीच्या जागी दोन केल्या, मोठ्या अक्षरात. नाव नाही. पाच केल्या, दोन्ही बाजूंनी चांदण्या लावून. नाव नाही! जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेले तरी मी जागेवरून हलायचो नाही, पहारा देत डबा खायचो. यशोवर्धन येऊन विचारायचा, "अण्णा, तब्येत बरी आहे ना?" बघा, किती बेरकी!

असं करता करता ओळी झाल्या अकरा. अकरा वेळा 'पुरुषोत्तम', चांदण्यांसकट. तरी लेबल आपलं पहिल्यासारखं स्वच्छ! शेवटी मी कंटाळलो. म्हटलं, जाऊ दे, खुर्ची मिळाली की नाव आपोआप होईल. आणि त्या अकरा ओळी मी साफ विसरून गेलो.

आणि तो दिवस आला. येलहंक्याला व्यंकोजीराव म्हणून एका गृहस्थांचा अगरबत्तीचा कारखाना होता. रोज चारशे खोकी निघायची आणि प्रत्येकावर लेबल. पहिली ओळ सुगंधाची, दुसरी बॅच नंबरची, तिसरी गावाची. आमचा प्रोग्राम त्यांच्या नव्या मशीनवर बसवायचा होता.

सर म्हणाले, "पुरुषोत्तम, हे तू एकट्यानं कर. मी सोबत येतो, पण नुसता बघणार. नीट झालं, तर सोमवारी खुर्चीचं ठरवून टाकू."

रात्री सुचेतानं उशीला झालर लावली. पांढरी!

सकाळी निघताना यशोवर्धन फ्लॉपी घेऊन आला. "अण्णा, ह्यात माझी लायब्ररी आहे. असू द्या. लागली तर लागली."

"काहून? माझ्या लायब्ररीला काय झालं?"

"काही नाही अण्णा. नवी जागा आहे, स्वल्प सांभाळून..."

"तुझी फ्लॉपी तुझ्याजवळ ठेव! मी माझी नेऊन राहिलो."

"सरी अण्णा," म्हणजे बरं, असं म्हणून तो आपला हसत गेला. चिडतही नाही मेला!

येलहंक्याला पोचलो. कारखान्यात चंदन, मोगरा आणि केवडा यांचा असा एकत्र वास, की मला आल्याआल्या नऊ शिंका आल्या. व्यंकोजीराव पांढऱ्या मिशांचे, यशोवर्धनसारखंच जुनं बंगलोरी घराणं. डिस्पॅचच्या टेबलावर भार्गवी नावाची मुलगी, आणि खोक्यांजवळ अंबूबाई, स्टिकर चिकटवणाऱ्या सहा बायांची प्रमुख. दारात ट्रक उभा. चार वाजता तो हलायलाच पाहिजे, नाही तर हुबळीची पार्सल गाडी चुकणार.

मी फ्लॉपी घातली. प्रोग्राम चढवला. बाह्या सरसावून बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत आलं की लायब्ररी सापडत नाही.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो! कारण हे मला येत होतं. "सर, प्रोग्राम आला, पण मिसळणाचा डबा कुठल्या फडताळात ठेवला ते मशीनला कोणी सांगितलंच नाही. दोन मिनिटं!" मी लायब्ररी मशीनच्या सार्वजनिक फडताळात टाकली, मशीनला नवी यादी करायला लावणारी एका शब्दाची आज्ञा दिली आणि बटण दाबलं. प्रिंटर किर्र किर्र सुरू! सरांनी माझी पाठ थोपटली. पाठ थोपटताना मला तर खुर्चीचे दोन हात लागल्याचा भास झाला.

आता प्रिंटर चालू आहे, बाया भराभर चिकटवून राहिल्या आहेत, तर आपण बघत कशाला बसायचं? मी प्रिंटरकडे पाठ केली आणि व्यंकोजीरावांना माझ्या लायब्ररीची महती सांगायला घेतली.

"बाकीचे लोक दुसऱ्याची लायब्ररी वापरतात," मी म्हणालो. "मी नाही! इथून तिथून सगळं माझं. प्रत्येक लेबलात मी आहे असं समजा!"

"अस्सं!" व्यंकोजीराव म्हणाले. त्यांनी कॉफी मागवली.

दुसरा घोट घेतो, तोच भार्गवी आली. "सार, स्वल्प इल्लि नोडि." म्हणजे जरा इकडे बघा.

"दोन मिनिटं हं," मी म्हणालो. "तर काय सांगत होतो..."

"सार, चंदन नाही," ती म्हणाली.

"संपलं असेल. मोगरा घ्या."

"मोगरा पण नाही सार. सगळी खोकी पुरुषोत्तम आहेत."

मी वळलो. बाप्पा! समोर खोक्यांची भिंत उभी होती, आणि भिंतीवर जिकडे तिकडे मी! दोन्ही बाजूंना चांदण्या! सहा महिने एकदाही न उमटलेल्या माझ्या अकरा ओळी एकदम धबाधबा बाहेर पडल्या होत्या. एका स्टिकरवर ओळी मावायच्या पाच. म्हणजे पहिला पूर्ण स्टिकर मी, दुसरा पूर्ण स्टिकर मी, आणि तिसऱ्यावर एकदा मी आणि खाली चंदन, बॅच नंबर आणि गाव. बायांनी आला स्टिकर की लाव पुढच्या खोक्याला, असं करत एकशे ऐंशी खोकी संपवली होती. त्यातल्या तीनातल्या दोन खोक्यांत काय आहे आणि कुठं जाणार ते देवालाच ठाऊक, आणि तिसऱ्यावर दुसऱ्याच खोक्याचं गाव!

"अंबूबाई!" व्यंकोजीराव ओरडले. "तुम्हांला दिसलं नाही का?"

"मला इंग्लिश कुठं येतं अण्णा?" अंबूबाई म्हणाली. "चांदण्या बघून वाटलं, सणाचा माल असंल."

"बंद करा ते!" सर म्हणाले.

मी प्रिंटर बंद केला. चालू केला. तो जिथं थांबला होता तिथूनच पुढे सुरू. पुरुषोत्तम, पुरुषोत्तम, पुरुषोत्तम! मी कागद ओढला, तो फाटला. मी वायर काढली, तर भार्गवीच्या टेबलाचा पंखा बंद पडला आणि प्रिंटर चालूच! शेवटी तिनंच हात लांबवून बरोबर वायर ओढली.

 व्यंकोजीरावांनी एक स्टिकर हातात घेतला. "हा पुरुषोत्तम कोण?"

कारखान्यात सगळे मला 'सार' म्हणत होते. नाव ठाऊक होतं ते फक्त विश्वेश्वर सरांना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग छताकडे बघितलं.

"देवाचं नाव आहे," मी म्हणालो. "नवं मशीन आहे ना. सुरुवातीला शुभ असतं."

"देवाचं नाव मला मान्य आहे," व्यंकोजीराव म्हणाले. "पण माझं चंदन कुठं गेलं? अडीच वाजलेत. चारला ट्रक!"

मी मशीनपुढे बसलो.  आता त्या ओळी लायब्ररीतून काढायच्या, तर मूळ लिखाण ऑफिसच्या मशीनवर! इथं आणलेली फक्त शिजलेली भाजी, तिच्यातून मीठ कसं काढणार? आणि डोक्यात एकच विचार, ऑफिसात सहा महिने जे आलं नाही ते इथं आलंच कसं? लगेच उत्तर मिळालं. यशोवर्धन! त्यानंच काहीतरी करून ठेवलं असणार! फ्लॉपीचं नाटक उगीच नव्हतं!

व्यंकोजीरावांच्या खोलीतून मी फोन लावला. "यशोवर्धन! काय घातलंस तू माझ्या लायब्ररीत?"

"मी? काही नाही अण्णा. काय जालं?"

"माझं नाव छापून राहिलंय! अकरा वेळा! चांदण्या लावून!"

 मग तो म्हणाला, "चांदण्या मी नाही घालत अण्णा."

तेवढं खरं होतं. मी म्हणालो, "अरे, चारला ट्रक आहे. सर समोर उभे आहेत. खुर्ची..." 

"तुम्ही काही हात लावू नका. मी येतो."

जयनगर ते येलहंका, म्हणजे गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तो मोपेडवर पंचावन्न मिनिटांत आला. केसांत धूळ, शर्टाला ग्रीस. आल्याबरोबर भार्गवीला म्हणाला, "तंगी," म्हणजे धाकटी बहीण, "आधी अण्णांना पाणी दे." बसला. फ्लॉपी घातली. माझा डबा काढला, त्याचा डबा ठेवला. बटण दाबलं. चंदन, बॅच नंबर, हुबळी! मोगरा, बॅच नंबर, दावणगिरी! एकेका स्टिकरवर सरळ, स्वच्छ. चार मिनिटं लागली. मी घड्याळात मोजली, कारण जास्त लागली तर मला बरं वाटणार होतं.

मग राहिलं सोलायचं काम. एकशे ऐंशी खोकी! डिंक एक नंबर होता हो व्यंकोजीरावांचा. आम्ही सगळेच जमिनीवर बसलो. यशोवर्धन अंबूबाईंना "अक्का, ते जड खोकं इकडे द्या" करत भराभर स्टिकर काढत होता. मी पण काढत होतो. स्वतःचंच नाव नखांनी खरवडायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा!

"अण्णा, एक विचारू? कोप करू नका," यशोवर्धन हळूच म्हणाला. "ऑफिसात हे नाव एकदा तरी छापून आलं होतं का?"

"आलं असतं तं अकरा वेळा कशाला घातलं असतं?"

"मग ऑफिसात तुमची लायब्ररी चालतच नव्हती की."

"काय बोलतोस? सहा महिने लेबलं कोणी छापली मग?"

तो खोक्याचा कोपरा खरवडत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही कंपनीत आलात त्या पहिल्या दिवशी तुमचं सगळं मी बसवून दिलं होतं. आठवतं?"

आठवतं म्हणजे? न मागता बसवून दिलं होतं! तो त्याचा आणखी एक दुर्गुण.

"त्यात एक ओळ होती अण्णा. मशीननं लेबलाची लायब्ररी आधी माझ्या फडताळात बघायची, तिथं नाही सापडली तर मग बाकीकडे. तुम्ही नवे होता, अडायला नको म्हणून मी घातली. दोघांचं नाव एकच. माझी पहिली सापडली की ते पुढे बघणारच नाही. इथं माझं फडताळ नाही, म्हणून आज तुमची चालली. पहिल्यांदा."

माझ्या हातातला स्टिकर हातातच राहिला. सहा महिने! सहा महिने सर जे लेबल उजेडात धरत होते, ते यशोवर्धनचं होतं! पट्टी लावून बघावं असं जे सरळ आलं होतं, तेही यशोवर्धनचं! सासऱ्यांना मी पत्रात नमुना पाठवला होता, सासूबाईंनी तो देवघरात ठेवला होता. तेही त्याचंच! माझी लायब्ररी जन्मात एकदाच चालली, आणि ती ही अशी! आणि मी बसलो होतो डब्यावर पहारा देत, की हा माझ्या ओळी चोरतो! रडू यायचं फक्त बाकी होतं. कानाची पाळी गरम झाली, ती अजून आठवली की होते.

चारला पाच मिनिटं असताना ट्रक गेला. व्यंकोजीरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि विश्वेश्वर सर आमच्या दोघांपुढे येऊन उभे राहिले.

"चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत यशोवर्धन म्हणाला, "सर, माझी. अण्णांच्या सेटिंगमध्ये एक ओळ मी घातली होती, आणि त्यांना सांगायची राहून गेली. त्यामुळे त्यांना चाचणीच करता आली नाही. त्यांची काही चूक नाही."

सरांचा चेहरा सैल झाला. ते माझ्याकडे वळले. "असं आहे का, पुरुषोत्तम?"

बघा, लोक हो, नीट बघा! मला फक्त एक 'हो' म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. खुर्ची माझी होती! उशी तयार होती! पण मला ते बघवेना. म्हटलं, लायब्ररी याची, लेबलं याची, गोळे याला पाच, रिक्षा मीटरनं, बन गरम, आणि आता चूकसुद्धा याचीच? माझी म्हणून एवढी मोठी, धडधडीत चूक झाली, एकशे ऐंशी खोक्यांची, तिचंही श्रेय हाच घेऊन जाणार?

"मुळीच नाही!" मी ओरडलो. "चूक माझी आहे! पूर्ण माझी! याचा काही संबंध नाही!"

"अण्णा, असू द्या ना..." यशोवर्धन माझी बाही ओढायला लागला.

"तू गप! अकरा ओळी कोणी घातल्या? मी! चांदण्या कोणी लावल्या? मी! न तपासता फ्लॉपी कोणी आणली? तुझी फ्लॉपी नको कोण म्हणालं? सर, हे सगळं मी केलंय! याला यातलं काही जमलंसुद्धा नसतं!"

व्यंकोजीराव खोकले. भार्गवी तोंडाला ओढणी लावून आत पळाली. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "ठीक आहे, पुरुषोत्तम. तू म्हणतोस तर तुझीच."

घरी येऊन सुचेताला सगळं सांगितलं. मला वाटलं, बोलेल. ती उठून आत गेली आणि गोळाभात वाढून आणला. मोजले. पाच गोळे! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात ती म्हणाली, "आज भाऊजी यायचे होते म्हणून जास्त केले होते. दमले असतील बिचारे, आले नाहीत."

सोमवारी खुर्चीचं ठरलं. कुणाला मिळाली ते तुम्हांला सांगायला नकोच. यशोवर्धन म्हणाला, "अण्णा, तुम्हीच बसा, मला लोखंडीच बरी." मी नाही म्हणालो. त्याच्या मेहरबानीवर बसणं आपल्याला जमणार नव्हतं. संध्याकाळी सुचेतानं माझ्याच हाती निळी उशी पाठवली, पांढऱ्या झालरीसकट. "शिवली आहे तर कुणाच्या तरी कामाला येऊ दे," म्हणाली.

आणि ते उरलेले स्टिकर? न चिकटवलेले, माझ्या नावाचे, साडेतीनशे निघाले. व्यंकोजीराव फेकून देत होते. पण आमचे सर ते फेकू देतात होय? "डिंक उत्तम आहे," म्हणाले आणि गाडीत घालून ऑफिसला घेऊन आले. त्या दिवसापासून ऑफिसात जे जे फाटलं, तडकलं, गळलं, त्याला त्याला एक पुरुषोत्तम. खिडकीच्या काचेला मी, साखरेच्या डब्याला मी, आग विझवायच्या बादलीला मी, संडासातल्या टमरेलालाही मीच! नवा माणूस कामाला लागला की विचारायचा, हे सगळं सामान पुरुषोत्तम सरांच्या मालकीचं का?

पुढे महिन्याभरात त्या खुर्चीच्या बैठकीचं उसवलेलं रेक्झिन आणखी फाटलं. सरांनी स्वतः येऊन त्यावर एक स्टिकर चिकटवला, अंगठ्यानं घासून घासून.

म्हणजे हिशेब काय तो तुम्हीच करा! हातांच्या खुर्चीवर नाव लागलं ते माझंच, पाच वेळा, चांदण्या लावून! वाचता तेवढं येत नाही. वर सुचेतानं शिवलेली उशी आहे, आणि उशीवर यशोवर्धन बसलेला असतो.